बर्फाचं देणं

ऊर्जा कशी साठवायची यावर बोलायला मला बोलावतात, तेव्हा समोरच्यांच्या मनात लिथियमची बॅटरी असते. मी पाण्यापासून सुरुवात करते. शून्य अंशावरचं एक किलो पाणी गोठवायचं तर त्यातून ३३४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. तोच बर्फ वितळताना तेवढीच उष्णता आजूबाजूने ओढून घेतो. म्हणजे अकरा किलोच्या आतबाहेर बर्फात विजेच्या एका युनिटाएवढी थंडी मावते. हेच पाणी वर्षानुवर्षं रोज गोठवा, रोज वितळवा. त्याची ताकद घटत नाही, ते पेट घेत नाही, आणि त्यासाठी कुठली खाण खोदावी लागत नाही. आमच्या किनाऱ्यावर ज्याला वीज साठवून बरोबर न्यायची असते, त्याला बहुतेक वेळा शेवटी काहीतरी गारच ठेवायचं असतं. मासे, दूध, लस, औषध. मग उन्हाची वीज आधी बॅटरीत भरायची, तिथून काढून कॉम्प्रेसर फिरवायचा, हा फेरा कशाला? दुपारचं ऊन सरळ बर्फात भरून ठेवावं आणि तो बर्फ उचलून न्यावा. गरिबाला परवडतो तो हाच साठा.

गेली बरीच वर्षं मी हेच काम करते आहे. सौर पॅनेलवर गोठणाऱ्या पाण्याच्या प्लेट आणि त्या बसवायच्या पेट्या बनवते. लोक विचारतात, ही कल्पना सुचली कशी? सुचली नाही, मिळाली. ज्यांच्याकडून मिळाली त्यांची नावं कुठल्याही कागदावर नाहीत आणि त्यांनी ती कधी मागितलीही नाहीत. हे लिहिणं मी त्यांचं देणं लागते.

पहिली आई. ती दापोली तालुक्यात आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे परिचारिका, होती; गावात सगळे तिला ‘बाई’ म्हणत. लसीकरणाच्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून निळा व्हॅक्सिन कॅरिअर यायचा. आत चार बाजूंना चार आइसपॅक उभे, मधल्या चौकोनात लसीच्या बाटल्या. तो डबा खांद्याला अडकवून ती वाड्यावाड्यांवर जाई. कुठे एसटीने, कुठे घाटी उतरून पायवाटेने, एका वाडीला तर तरीतून खाडी ओलांडून. त्या वाड्यांवर फ्रीज नव्हता, आणि वीज असली तर असली.

आइसपॅक डीप फ्रीजरमधून काढला की लगेच डब्यात जात नसे. टेबलावर ओळीने मांडायचे. त्यांच्यावर आधी पांढरी हिमाची पूड धरायची, मग ती ओली व्हायची, मग थेंब सुटायचे. आई एकेक पॅक उचलून कानापाशी नेई आणि हलवी. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की तो डब्यात. नाही आला तर पुन्हा टेबलावर. बाहेर अंगणात बायका पोरांना घेऊन ताटकळत असल्या तरी या कामात ती घाई करत नसे. फ्रीजरमधला पॅक उणे वीस अंशांच्या जवळपास असतो. तसाच डब्यात लावला तर त्रिगुणी, धनुर्वात, कावीळ बी या लसी गोठतात, आणि एकदा गोठलेली ही लस पुन्हा वितळली तरी निकामीच. वरून मात्र काही कळत नाही. पॅकमध्ये थोडं पाणी सुटलं याचा अर्थ तो शून्यावर आला, आणि आता आतला शेवटचा खडा विरेपर्यंत तो शून्यावरच राहणार. वितळताना बर्फ उष्णता घेत राहतो पण त्याचं तापमान चढत नाही, हे १७६० च्या सुमारास ग्लासगोत जोसेफ ब्लॅकने मोजून दाखवलं. माझ्या आईच्या हाती थर्मामीटर असायचा, पण तिचा भरवसा कानावर होता.

त्या चार पॅकमध्ये मिळून दीडेक लिटर पाणी असतं. एका युनिटचा सातवा हिस्सा भरेल एवढी थंडी. तेवढ्यावर दिवसभर उन्हातून फिरून संध्याकाळी उरलेल्या बाटल्या तितक्याच गार परत यायच्या. देशभर १९९५ पासून पल्स पोलिओच्या मोहिमा चालल्या, २०११ च्या जानेवारीत शेवटचा रुग्ण नोंदला गेला, २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या सगळ्या वर्षांत लस घरोघर पोचली ती अशाच डब्यांतून. फिरत्या ऊर्जासाठ्याचं याहून मोठं उदाहरण आपल्या देशात मला माहीत नाही. बॅटरी नाही, वायर नाही, बिघडण्यासारखं काही नाही, आणि वापरणारी बाई शिकलेली, जबाबदार. यंत्राच्या किमतीचा विचार करताना आपण ही शेवटची गोष्ट धरतच नाही.

रत्नागिरीला यंत्र अभियांत्रिकीची पदविका करताना रेफ्रिजरेशन हा विषय मला आवडला तो आईच्या त्या टेबलामुळे. शिकून झाल्यावर हर्णै बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी शिकाऊ म्हणून गेले. मालकांनी परवानगी दिली, पण खरी परवानगी मशीन सांभाळणाऱ्या मिस्त्रीकाकांची लागायची. त्यांनी पहिल्या दिवशी एकच विचारलं, “पोरी, गॅसचा वास सोसवेल?” गॅस म्हणजे अमोनिया. त्या वासाने डोळ्यांना धारा लागतात. सोसवेल म्हटलं, तर म्हणाले, “सोसायचा नाय. वास आला की आधी वाऱ्याच्या वरच्या अंगाला पळायचं, मग विचार करायचा.”

गळती शोधायला ते गंधकाची वात पेटवून पाइपांच्या सांध्यांवरून हळूहळू फिरवायचे. जिथे अमोनिया निसटत असेल तिथे वातीचा धूर एकदम दाट पांढरा होतो. सुईच्या टोकाएवढी गळतीसुद्धा त्यात दिसते. वात फिरवताना ते बोलत नसत, कुणाला बोलू देत नसत. इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर आल्यावरही त्यांची वात सुटली नाही, आणि आज माझ्या वर्कशॉपमध्ये दोन्ही आहेत.

कारखान्याची मुख्य गोष्ट म्हणजे जमिनीत बांधलेली मिठाच्या पाण्याची टाकी. खारं पाणी उणे आठ-दहा अंशांवर असतं तरी गोठत नाही. त्यात गोड्या पाण्याचे पत्र्याचे कॅन बुडवून ठेवायचे, दिवस-रात्र उलटली की लाद्या तयार. मिस्त्रीकाका म्हणायचे, “बर्फ मशीन बनवत नाय, टाकी बनवते. मशीन फक्त टाकीची चाकरी करते.” भारनियमनाची ती वर्षं होती. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक त्यांनी कॉम्प्रेसरच्या खोलीच्या भिंतीवर खडूने लिहिलेलं असे. जायच्या आधी ते मशीन पुरतं दामटून टाकीचं पाणी आणखी दोन अंश खाली नेत, आणि वीज गेल्यावर कॅन काढायचं, लाद्या सोडवायचं, कोठीत लावायचं काम काढत. मी वहीत गणित मांडलं: दहा हजार लिटरची टाकी एक अंश चढायला साधारण दहा युनिटं उष्णता लागते. म्हणजे दोन अंश खाली नेलेल्या टाकीत वीस युनिटांची थंडी जादा भरलेली असते. हा साठा कुणी विकत आणलेला नव्हता. टाकी होतीच, तिच्यात काय भरून ठेवता येईल हे पाहणारा माणूस हवा होता.

वीज कधी भरपूर असते आणि कधी तिची ओढाताण होते, त्याप्रमाणे आपलं काम पुढेमागे करायचं, हा धडा मी तिथे घेतला. आता सौरऊर्जेमुळे गंगा उलटी वाहते आहे. दुपारी वीज उदंड आणि संध्याकाळी तुटवडा. उद्योगांना पूर्वी रात्रीच्या विजेवर सवलत मिळायची, ती आता दिवसाच्या विजेवर मिळू लागली आहे. बर्फाच्या कारखान्यांनी या बदलाकडे मनापासून पाहावं असं मला वाटतं. किनाऱ्यावर ठिकठिकाणी उभ्या असलेल्या त्या टाक्या म्हणजे बांधून तयार असलेला साठा आहे.

मिस्त्रीकाकांची आणखी एक गोष्ट माझ्या प्लेटमध्ये उतरली आहे. बर्फ कडेकडून आत धरत जातो, आणि जो थर धरला तोच पुढच्या उष्णतेची वाट अडवतो. म्हणून जाडी दुप्पट केली तर गोठायला वेळ चौपट लागतो. पुस्तकात याचं सूत्र आहे. मिस्त्रीकाकांना ते हातांनी ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला मोठी लादी हवी म्हणून मालकांनी जाड कॅन आणायचं काढलं, तेव्हा त्यांनी बोटाने लादीच्या मधोमधची पांढरी रेघ दाखवली. “ही शेवटची दोन बोटं धरायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात बाकीची अर्धी लादी होते.” कॅन आले नाहीत. पुढे मला अशी प्लेट करायची होती जी पाच-सहा तासांच्या उन्हातच पुरती गोठली पाहिजे, कारण त्यानंतर वीज नाही. मी जाडी साडेतीन सेंटिमीटरवर आणली. ती माझी हुशारी नाही, त्या पांढऱ्या रेघेची आहे.

थंडी दूर नेणं ही जगाला नवी गोष्ट नाही. १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने तळ्यांवर गोठलेला हिवाळ्याचा बर्फ ‘टस्कनी’ नावाच्या जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. निघताना १८० टन होता; चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून पोचला तेव्हा १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढच्या वर्षी मुंबईलाही बर्फ आला. हे कशामुळे जमलं? झाडाच्या सालीच्या भुशामुळे. कातडी कमावून झाल्यावर जी टाकाऊ साल उरते, तिचा वाळवलेला भुसा चहूबाजूंनी भरून मधे लाद्या रचल्या. फुकटची थंडी, टाकाऊ भुसा आणि शिडात भरलेला वारा. मिस्त्रीकाकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “लाद्या एकमेकींना चिकटवून रचल्या होत्या की सुट्या?” चिकटवून, घट्ट, मधे फट न ठेवता, असं मी वाचलं होतं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या कोठीत भाताच्या तुसावर लाद्या तशाच रचलेल्या असत.

मासळी विकणाऱ्या मावशींची आणि माझी गाठ हर्णैच्या लिलावात पडली. संध्याकाळी होड्या लागतात, मासळी किनाऱ्यावर ओतली जाते, लिलाव पुकारला जातो. मावशी तिथून माल उचलून दुसऱ्या दिवशी दापोलीच्या बाजारात आणि वाटेवरच्या गावांत विकत. थर्माकोलचा खोका, त्यावर गोणपाट, दोरी. खोका महिन्या-दोन महिन्यांत फुटायचा, आणि बर्फाचे पैसे रोजचे. हंगामात बर्फ कमी पडला की भाव चढायचा, ती कमाईतली खोट.

मी त्यांना माझ्या प्लेटबद्दल सांगितलं. आइस्क्रीमच्या गाड्यांत असतात तशा, मिठाच्या पाण्याच्या. तेवीस टक्के मीठ घातलं की ते पाणी उणे एकवीस अंशांना गोठतं आणि वितळतानाही तिथेच राहतं. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बाय, तू आधी मासा बघ.” टोपलीतून एक बांगडा उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. “डोला बघ, भरलेला हाय. अंग बघ, ओलं हाय, चकाकतंय. तुझ्या कोरड्या पेटीत ठेवला तर सुकेल. कडेचा मासा दगड होईल. मग गिऱ्हाईक म्हनंल, बाय, ही बरफातली मच्छी.” त्यांच्या तोंडी ‘बरफातली’ म्हणजे शीतगृहातून आलेली, जुनी.

माशाचं मांस उणे एक-दोन अंशांपासूनच गोठू लागतं. त्याला हवा असतो शून्यावरचा, ओला, अंगाला लागून वितळणारा बर्फ; ते पाणी वाहताना वरचा चिकटा आणि रक्तही धुऊन नेतं. म्हणून माझ्या पेटीत साध्या पाण्याच्या प्लेट भिंतीला लागून राहिल्या, आत माशांवर मूठ-दोन मुठी फोडलेला बर्फ आला, आणि तळाच्या कोपऱ्यात पाणी जायला भोक पडलं. भोक कुठल्या कोपऱ्यात हवं, टेम्पोत पेटी कुठल्या बाजूला कलते, हे सगळं मावशींनी सांगितलं.

पण त्यांच्याकडून मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. त्या लिलाव झाला की मासे थेट खोक्यात भरत नसत. एका मोठ्या टबात समुद्राचं पाणी आणि फोडलेला बर्फ घालून त्यात मासे बुडवत, हाताने दोनदा फिरवत, आणि पोटाला हात लावून गार झाल्याची खात्री झाल्यावरच खोक्यात. “गरम मासा बरफ खातो,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. घरी येऊन मी हिशेब मांडला. तीस किलो मासे अठ्ठावीस अंशांवरून शून्यावर आणायला नऊ किलो बर्फ लागतो. आणि चांगल्या पफच्या (पॉलियुरेथेन फोमच्या) पेटीत, बाहेर तीस अंश असताना, भिंतीतून दहा तासांत आत शिरणारी उष्णता शोषायला दीड किलो बर्फ पुरतो. साध्या थर्माकोलच्या पेटीत तीनेक किलो. म्हणजे थंडीचा मोठा खर्च मासा गार करण्यात आहे, तो गार ठेवण्यात नाही. पहिला खर्च बंदरावर टबात उरकला तर पेटीतून वाहायचा बर्फ निम्म्याहून कमी होतो. या एका सवयीने माझ्या पेटीची किंमत इतकी खाली आली, की पुढे कुठल्याही महाग सामानाने ती तेवढी खाली आली नसती. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने मासे हाताळण्यावर पुष्कळ काम केलं आहे. ते वाचताना मला जागोजागी मावशींचा टब दिसत राहिला.

पेटीची किंमत मावशींनी हप्त्याहप्त्याने फेडली. फुकट घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. “फुकटची वस्तू मोडली तर सांगायचं कुणाला?” त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. विकत घेतलेल्या पेटीतलं उणं त्या मला हक्काने सांगत आल्या आहेत.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. रायगडच्या किनाऱ्यावर ते जमिनीवर चढलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांतून घरांची छपरं, माडा-पोफळीच्या बागा आणि विजेचे खांब आडवे करत गेलं. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. करोनाची टाळेबंदी, मुंबईहून आलेली माणसं घरात, आणि रस्त्यांवर झाडं. आमची पॅनेल आदल्या दिवशी उतरवून ठेवली होती म्हणून वाचली, पण ढगाळ हवेत त्यांच्यावर नेहमीच्या निम्म्या प्लेटसुद्धा धरेनात.

आई तेव्हा निवृत्त झाली होती. वादळानंतर तिसऱ्या दिवशी तिच्याकडे शेजारच्या वाडीतून एक गृहस्थ आले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं इन्सुलिन बंद पडलेल्या फ्रीजमध्ये होतं. मग कळलं, असे बरेच आहेत. न उघडलेलं इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, आणि तेही गोठलं की वाया. दुकानं बंद, नवीन मिळण्याची शक्यता नाही. मी बर्फ मागायला कारखान्यावर गेले. हंगाम संपत आला होता, तरी कोठीत लाद्या शिल्लक होत्या, आणि मिस्त्रीकाका रोज रात्री डिझेलच्या जनरेटरवर थोडा वेळ मशीन चालवून टाकी सांभाळत होते. त्यांच्या स्वतःच्या घराची कौलं उडाली होती. मी बर्फ फोडून द्या म्हटलं, तर त्यांनी फोडू दिला नाही. लादी फोडली की तिला हवा लागणारं अंग वाढतं, ती झरझर वितळते. लादी नेली तर ती टिकते. अख्ख्या लाद्या तुसात घालून, गोणपाटात बांधून त्यांनी माझ्या टेम्पोत चढवल्या आणि सांगितलं, “घरी गेल्यावर लागेल तेवढीच सोलून काढ.”

त्या लाद्यांच्या जोरावर आम्ही अंगणात प्लेट गार ठेवल्या आणि पेट्या वाड्यांवर नेल्या. एका वाडीला एक पेटी, तिच्यात सगळ्यांचं इन्सुलिन, प्रत्येकाच्या डबीवर नाव. पेट्या कमी पडल्या तेव्हा मावशींनी आपली धुऊन, उन्हात वाळवून पाठवली. मासळीचा वास जावा म्हणून लिंबाच्या साली चोळलेली. भरायचं काम आईचं. बर्फाला लागून बाटली ठेवायची नाही, मधे कापडाची घडी, आणि प्लेट आत जाण्याआधी कानापाशी हलवून बघायची. प्लेट आइसपॅकपेक्षा मोठी आणि जड, तिला ती एकटीला उचलवेना. मी धरायची, ती कान लावायची. दोन पोरी होत्या मदतीला, त्यांनाही तिने ऐकायला शिकवलं. वीज आली तेव्हा त्या पेट्यांतलं इन्सुलिन वापरण्याजोगं होतं. मिस्त्रीकाकांकडे लाद्यांचे पैसे द्यायला गेले, तर त्यांनी डिझेलचे तेवढे घेतले आणि पावती दिली.

या कामामुळे मला वाया जाणारी थंडी आणि उष्णता दिसू लागली आहे आणि ती दिसली की स्वस्थ बसवत नाही. आमच्याच जिल्ह्यात दाभोळला द्रवरूप नैसर्गिक वायूचं टर्मिनल आहे. तो वायू उणे १६२ अंशांवर जहाजातून येतो आणि पाइपात सोडण्याआधी त्याला ऊब देऊन पुन्हा वायू करावं लागतं. ती थंडी तयार करताना परदेशात कुठेतरी भरमसाट ऊर्जा खर्च झालेली असते. जगातल्या बहुतेक टर्मिनलांत ती समुद्राच्या पाण्यात किंवा हवेत सोडून दिली जाते. जपानमध्ये मात्र ओसाकाजवळच्या सेनबोकु टर्मिनलमध्ये तिच्यावर हवेचं द्रवीकरण होतं, योकोहामाच्या नेगिशीला तिच्यावर ट्यूना गोठवून ठेवणारी कोठारं चालवली गेली आहेत. किनाऱ्यावर एका बाजूला अशी थंडी सांडते आणि तिच्या आसपासच्या बंदरांवर बाया बर्फाच्या लादीसाठी रांग लावतात. या दोन गोष्टींत अंतर थोडं आहे. ते तोडण्यासाठी प्रयत्न व्हायला हवेत, आणि होईपर्यंत मी सांगत राहणार आहे.

उष्णतेचंही तेच. होडीच्या डिझेल इंजिनात इंधनाचा ढोबळ तिसरा हिस्सा कामी येतो, जवळपास तेवढाच धुराड्यातून जातो. उष्णतेपासून थंडी करता येते हे तर जुनंच आहे. १९२८ साली अमेरिकेत ‘आइसीबॉल’ नावाचं एक साधन विकत मिळू लागलं: पाइपाने जोडलेले दोन धातूचे गोळे, आत अमोनिया आणि पाणी. एक गोळा रॉकेलच्या शेगडीवर दीडेक तास तापवायचा, मग दुसरा दिवसभर गारवा देत राहायचा. वीज नसलेल्या शेतघरांसाठी ते होतं. मला ते फार आवडतं. पण पाच खलाशी झोपतात त्या होडीत अमोनिया न्यायचा विचार आला की गंधकाच्या वातीचा पांढरा धूर आठवतो, आणि मी पाणी आणि ते शोषून घेणारं झिओलाइट हे सच्छिद्र खनिज, या वाटेने प्रयोग करते आहे. जर्मनीत हाम इथे कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाची वाया जाणारी उष्णता झिओलाइटमध्ये भरून ट्रकने जवळच्या कारखान्यात नेऊन वापरली गेली आहे. त्यात तंत्र जमलं. खरा प्रश्न वाहतुकीच्या खर्चाचा. साठा फिरता करायचा तर तो किती लांब न्यायचा, हे आधी ठरवावं लागतं. मावशींचं अंतर बंदर ते दापोली. माझंही सध्या तेवढंच आहे.

मिस्त्रीकाका आता कामावरून उतरले आहेत. कारखान्याच्या छपरावर सौर पॅनेल बसवून दुपारी टाकी खाली न्यायची, असं मालकांच्या मनात आहे. टाकीची जुनी नोंदवही समोर ठेवून मिस्त्रीकाका आणि मी त्याचा तक्ता करतो आहोत. आई पेट्यांच्या प्रशिक्षणाला येते, प्लेट ऐकायला शिकवते. आणि मावशींची सून आता स्कूटरवरून मासळी विकते. तिला मागच्या सीटवर बसेल अशी अर्ध्या मापाची पेटी हवी आहे. स्टँडवर लावली की स्कूटर डावीकडे कलते, तेव्हा पाण्याचं भोक डावीकडे हवं आणि त्याला नळी हवी, म्हणजे पाणी चाकावर पडणार नाही, असा मावशींचा निरोप आहे. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, १ ऑगस्टला होड्या बाहेर पडतील. त्याआधी पेटी द्यायची आहे.